फॅमिकॉमच्या चित्राला जवळची वाट



एखादा माणूस स्पष्ट बोलतो आहे, त्याचा आवाजही खणखणीत आहे. पण समोरच्याला त्याची भाषाच कळेनाशी झाली, तर दोष कोणाचा? जपानमधील एका खेळयंत्रावर नेमकी अशीच पाळी आली. २४ जुलै २०११ रोजी त्या देशातील बहुतेक प्रांतांत दूरचित्रवाणीचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण थांबले. भूकंपाचा तडाखा बसलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांत ते ३१ मार्च २०१२ रोजी थांबले. मग फक्त डिजिटल प्रक्षेपण ओळखणारे टीव्ही घरोघरी आले. माळ्यावरून काढलेला जुना 'फॅमिकॉम' चालू होई, त्याच्या चिपा आपले काम चोख करीत. पण नव्या टीव्हीच्या पडद्यावर मात्र काहीच उमटत नसे. यंत्र मेलेले नव्हते, ते फक्त मुके झाले होते.

हौशी मंडळींनी एक ट्रान्झिस्टर, दोनतीन रोधक आणि एक धारित्र एवढ्या सामग्रीवर त्याला पुन्हा बोलते केले. हे कसे साधले, आणि त्यामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच पदार्थविज्ञान कसे आहे, ते या लेखात पाहू या.

फॅमिकॉम म्हणजे काय?

निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये हे यंत्र विक्रीस आणले. त्याची किंमत १४,८०० येन होती. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाली. यंत्रात दोन मुख्य चिपा असतात. एक गणित करते आणि आवाज निर्माण करते. दुसरी फक्त चित्र काढते. तिला आपण या लेखापुरते चित्र-चिप म्हणू. ती २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा रेखाटते. एक ठिपका काढायला तिला सुमारे ०.१९ मायक्रोसेकंद लागतो. खेळ ज्या डबीत असतो तिला जपानी मुले 'कासेत्तो' म्हणत. आपल्याकडे १९९० च्या दशकात याच यंत्राच्या धर्तीवर बनवलेले 'टीव्ही गेम' गावोगावच्या दुकानांत आले, तेव्हा आपली मुलेही तिला 'कॅसेट'च म्हणू लागली. तिच्या कडेला ६० जोड असतात.

चित्राचा लांबचा प्रवास

आता मूळ अडचणीकडे वळू. १९८३ साली बहुतेक घरगुती टीव्हींना बाहेरून चित्र घेण्याची एकच जागा होती: अँटेनाची. या जागेतून आत येणारा संदेश आकाशातून आलेल्या प्रक्षेपणासारखाच असावा लागतो. म्हणून फॅमिकॉमच्या आत एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच बसवलेले असते. त्याला मॉड्युलेटर म्हणतात. चित्र-चिपने तयार केलेला संदेश तो एका उच्च कंप्रतेच्या वाहक लहरीवर चढवतो, आणि ती लहर तारेतून टीव्हीकडे जाते. टीव्ही काय करतो? अनेक लहरींतून ती एक निवडतो, तिची कंप्रता बदलतो, तिला मोठी करतो आणि शेवटी वाहक लहर टाकून देऊन मूळचा संदेश पुन्हा मोकळा करतो!

शेजारच्या घरी वाटीभर आमटी द्यायची आहे. मधल्या भिंतीवरून हात पुढे केला की काम झाले. पण तसे न करता ती डब्यात बंद केली, डबा एस.टी.च्या पार्सलने पाठवला, आणि शेजाऱ्यांनी तो स्टँडवरून सोडवून आणला, तर? आमटी पोहोचेल, पण थोडी सांडेल, थोडी निवेल. चित्राचेही तसेच होते. प्रत्येक टप्प्यावर थोडी खरखर मिसळते, बारीक तपशील बोथट होतो, कडा पुसट होतात.

फॅमिकॉमच्या मागे एक छोटे बटण असते. त्याने जपानची वाहिनी क्रमांक १ किंवा २ निवडता येते. दोन कशाला? टोकियोत १ क्रमांकावर सार्वजनिक प्रक्षेपण चाले आणि २ क्रमांक मोकळा असे. ओसाकात याच्या उलट. जी वाहिनी मोकळी असेल ती खेळाला घ्यायची, म्हणजे बातम्या आणि खेळ यांची गल्लत होणार नाही.

जपानच्या या दोन वाहिन्या ९० ते १०२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होत्या. हे आकडे ओळखीचे वाटले ना? भारतात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा एफ.एम. रेडिओचा पट्टा आहे! आपल्या दूरदर्शनच्या जुन्या वाहिन्या एकतर ६८ मेगाहर्ट्झच्या खाली किंवा १७४ च्या वर असत. शिवाय जपानमध्ये चित्राची आणि आवाजाची वाहक लहर यांत ४.५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवत. आपल्याकडे ते ५.५ होते. म्हणजे मूळ जपानी फॅमिकॉम पुण्यात आणून जुन्या टीव्हीच्या अँटेनाला जोडला असता, तर वाहिनी जुळली नसती, आवाज जुळला नसता, आणि वर रेडिओ केंद्रांचा व्यत्यय आला असता.

भिंतीवरून वाटी

पुढे टीव्हींना चित्र आणि आवाज यांसाठी वेगळ्या खाचा आल्या. पिवळी खाच चित्राची, पांढरी आवाजाची. या पिवळ्या खाचेला वाहक लहर नको असते. तिला मूळचा संदेशच हवा असतो. आणि तो संदेश तर चित्र-चिपच्या २१ व्या पायावर तयारच असतो! मॉड्युलेटरकडे जाण्यापूर्वीच तो पकडला, तर सगळा लांबचा प्रवास वाचेल. घरगुती सुधारणेची मूळ कल्पना एवढीच आहे.

तुम्ही म्हणाल, मग त्या पायाला एक तार जोडा आणि ती पिवळ्या खाचेत घाला. इथेच पहिली फसगत आहे. टीव्हीची चित्राची खाच म्हणजे तिच्या दृष्टीने ७५ ओहमचा रोधक. त्यावर सुमारे १ व्होल्टचा संदेश उभा करायचा, तर १ भागिले ७५, म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. चिपच्या पायाला एवढा भार पेलवत नाही. भार टाकला की दाब कोसळतो. माळ्यावरच्या टाकीतून बारीक नळी काढावी आणि खाली मोठा नळ सोडावा, तशी गत होते. यंत्रातसुद्धा चित्र-चिप आणि मॉड्युलेटर यांच्या मधे कारखान्यातच एक ट्रान्झिस्टर घातलेला असतो, तो याचसाठी.

करून पाहा

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी कोणतेही खेळयंत्र उघडण्याची गरज नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, १००० ओहमचे दोन रोधक, १०० ओहमचा एक रोधक, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, ब्रेडबोर्ड आणि मल्टीमीटर एवढे साहित्य घ्या.

प्रथम १००० ओहमचे दोन्ही रोधक एकसरीत जोडून त्यांची टोके बॅटरीला लावा. मधल्या बिंदूचा दाब ऋण टोकापासून मोजा. तो सुमारे ४.५ व्होल्ट भरेल. आता मधला बिंदू आणि ऋण टोक यांच्यामध्ये १०० ओहमचा रोधक जोडा. मल्टीमीटर एकदम पाऊण व्होल्टवर येईल! कारण खालचे १००० आणि १०० ओहम समांतर जोडले गेल्याने त्यांचा परिणामी रोध सुमारे ९१ ओहम झाला. ९ व्होल्टची वाटणी आता १००० आणि ९१ या प्रमाणात होते.

१०० ओहमचा रोधक काढा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस आणि एमिटर असा क्रम लागतो. कलेक्टर बॅटरीच्या धन टोकाला, बेस मधल्या बिंदूला, आणि एमिटर व ऋण टोक यांच्यामध्ये तोच १०० ओहमचा रोधक जोडा. त्यावरचा दाब मोजा. आता तो साडेतीन ते पावणेचार व्होल्ट मिळेल. मोजून झाले की बॅटरी सोडवून ठेवा. नाहीतर ती उगाच उतरेल.

काय झाले? १०० ओहममधून जाणारा सुमारे ३७ मिलिअँपिअर प्रवाह आता कलेक्टरमार्गे थेट बॅटरीतून येतो. मधल्या बिंदूने बेसला त्याचा सुमारे दोनशेवा भागच द्यायचा असतो. बेसचा दाब वर गेला की एमिटरचाही जातो, खाली आला की एमिटरचाही येतो. दोघांत सुमारे ०.७ व्होल्टचा फरक कायम राहतो. एमिटर बेसच्या पाठोपाठ चालतो म्हणून या जोडणीला एमिटर फॉलोअर म्हणतात. दाब वाढत नाही. वाढते ती भार पेलण्याची ताकद.

प्रत्यक्ष सुधारणा

फॅमिकॉममधील घरगुती सुधारणेत हेच तत्त्व वापरतात. फरक इतकाच, की तेथे सहसा पीएनपी जातीचा ट्रान्झिस्टर घेतात. त्याचा बेस चित्र-चिपच्या २१ व्या पायाला, कलेक्टर ऋण बाजूला आणि एमिटर एका रोधकामार्फत ५ व्होल्टच्या रेषेला जोडतात. एमिटरवर मिळालेला संदेश पिवळ्या खाचेकडे पाठवण्याआधी वाटेत एक रोधक आणि एक धारित्र घालतात.

रोधक कशाला? तारेत शिरणाऱ्या संदेशाला दोन्ही टोकांना सारखाच ७५ ओहमचा रोध दिसला, तर त्याचा काही भाग टोकावरून परत फिरत नाही. परत फिरला, तर मूळ चित्राशेजारी त्याची फिकट सावली दिसू शकते. दोन्ही बाजूंना सारखा रोध असला म्हणजे दाब निम्मा होतो; हेही गणितात धरावे लागते.

आणि धारित्र? एमिटरवर संदेशाबरोबर एक स्थिर दाबही असतो. तो टीव्हीत जाऊ नये, फक्त बदलता संदेश जावा, म्हणून धारित्र. पण ते किती क्षमतेचे असावे? धारित्र आणि रोध मिळून एक चाळण बनते. १ भागिले २ × ३.१४ × रोध × धारिता, एवढ्या कंप्रतेच्या खालचे बदल ती अडवू लागते. वाटेतील एकूण रोध ७५ अधिक ७५, म्हणजे १५० ओहम. २२० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले, तर ही सीमा सुमारे ४.८ हर्ट्झ येते. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. ६० ही संख्या ४.८ पेक्षा बरीच मोठी असल्याने चित्र सुखरूप पार होते. २२० ऐवजी १० मायक्रोफॅरडचे धारित्र वापरले तर काय होईल? हे गणित तुम्ही स्वतः करा. उत्तर ६० च्या खाली येते की वर, एवढे पाहिले म्हणजे चित्राचा उजेड वरून खाली का बदलत जाईल, ते तुमचे तुम्हालाच उमजेल.

तुरुंगाचे गज

एवढे करूनही पुष्कळांना एक त्रास होतो. निळ्या आकाशासारख्या एकरंगी भागावर फिकट उभ्या पट्ट्या दिसतात. हौशी मंडळी त्यांना तुरुंगाचे गज म्हणतात. त्या उभ्याच का, आणि जागेवर स्थिर का?

चित्र-चिप एका रांगेत पाठोपाठ ठिपके काढते. प्रत्येक ८ ठिपक्यांसाठी ती स्मृतीला चार वेळा प्रश्न विचारते: कोणता तुकडा, कोणता रंगगट, आणि आकृतीचे दोन भाग. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी शेजारच्या तारांवरचे दाब झटक्याने बदलतात. चित्राची तार त्यांच्याजवळून गेली, तर तिच्यावर या झटक्यांचा ओझरता शिंतोडा उडतो. प्रत्येक रांगेत ठिपक्यांचे वेळापत्रक ठरलेले आहे. म्हणून शिंतोडा दर रांगेत त्याच ठिकाणी पडतो, आणि एकाखाली एक शिंतोडे आले की उभी पट्टी तयार होते. विजेच्या पुरवठ्यातून येणारी खरखर या वेळापत्रकाशी बांधलेली नसते. म्हणून तिचे पट्टे सरकताना दिसतात. पाहा, दोष कसा दिसतो यावरून तो कोठून आला हे ओळखता येते!

उपाय असा, की २१ व्या पायापासून बोर्डावर पसरलेली तांब्याची लांब रेषा वापरायचीच नाही. ट्रान्झिस्टर पायाच्या अगदी शेजारी बसवायचा आणि आखूड तार वापरायची. संदेश एकदा बळकट झाला की पुढे त्याच्यावर शिंतोड्यांचा परिणाम कमी होतो.

आवाज कोठून घ्यावा?

आवाज मुख्य चिपमधून निघतो. मग तो तेथूनच घ्यावा, असे कोणालाही वाटेल. पण फॅमिकॉममध्ये एक गंमत आहे. आवाज आधी कॅसेटमध्ये जातो आणि तेथून परत येऊन मॉड्युलेटरकडे जातो. कॅसेटला त्यात आपला सूर मिसळता यावा, म्हणून ही वाट ठेवलेली आहे. १९८९ साली कोनामी कंपनीने जपानमध्ये काढलेल्या 'आकुमाजो देन्सेत्सु' या खेळाच्या कॅसेटमध्ये आवाजाची तीन जादा साधने असलेली चिप होती. आवाज मुख्य चिपवरूनच उचलला, तर हे तीन सूर गायब होतात, आणि ऐकणाऱ्याला काही हरवले आहे हे कळतही नाही. म्हणून आवाज कॅसेटमधून परतल्यानंतरच्या जागेवरून घ्यायला हवा. संदेशाची संपूर्ण वाट माहीत नसताना मधेच तार जोडली, की असे होते.

किती बदलावे, किती राखावे?

१ डिसेंबर १९९३ रोजी निन्टेन्डोनेच फॅमिकॉमची नवी आवृत्ती काढली. तिच्यात मॉड्युलेटर नव्हता. चित्र आणि आवाज यांना थेट बाहेर पडण्याची सोय होती. म्हणजे हौशी मंडळी जे करतात, तेच पुढे कंपनीनेही केले. पण आधीची लाखो यंत्रे लोकांच्या घरी होतीच. कंपनीने २००३ साली फॅमिकॉमचे उत्पादन थांबवले आणि २००७ च्या ऑक्टोबरअखेर सुटे भाग मिळेनासे झाल्याने दुरुस्तीही बंद केली. आता ही यंत्रे जगवण्याची जबाबदारी ज्यांच्याजवळ ती आहेत त्यांच्यावरच येऊन पडली.

म्हणून प्रश्न उभा राहतो: सुधारणा करताना यंत्रात किती हात घालावा? तारेसाठी कवचाला भोक पाडले, तर ते पुन्हा बुजत नाही. चिपचा पाय उचलताना तो तुटला, तर चिपच गेली. आणि तशी चिप आता कोणी बनवत नाही. त्यापेक्षा बोर्डावरची रेषा कापणे बरे, कारण ती पुढे तारेच्या तुकड्याने जोडता येते. मॉड्युलेटर काढला, तर तो फेकू नये, जपून ठेवावा.

याहून मोठे उदाहरण पाहा. 'प्लेचॉइस-१०' हे १९८६ साली आलेले निन्टेन्डोचे नाणे टाकून खेळायचे यंत्र. त्यातील चित्र-चिप लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे बाहेर देते, त्यामुळे चित्र फारच स्वच्छ येते. काही जणांनी ती चिप काढून आपल्या घरच्या यंत्रात बसवली. घरचे चित्र सुधारले. पण त्यासाठी दुसरे एक यंत्र कायमचे निकामी झाले. एकाचे डोळे काढून दुसऱ्याला लावण्यासारखेच हे! पुढे यावर तोड निघाली. चिपच्या पायांवरचे संदेश वाचून चित्र नव्याने रचणारे बोर्ड तयार झाले, आणि ही लूट करण्याची गरज उरली नाही.

सावधगिरी

दोन गोष्टी कधीही विसरू नका. पहिली: फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टच्या विजेसाठी आहे, तो आपल्या २३० व्होल्टच्या खाचेत घातला तर जळून जाईल. त्यातून १० व्होल्टची एकदिश वीज मिळते आणि त्याच्या टोकातला मधला दांडा ऋण असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ अडॅप्टरांत तो धन असतो. म्हणून जोडण्यापूर्वी मल्टीमीटर लावून खात्री करून घ्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या याच्या भावंडाचा अडॅप्टर तर प्रत्यावर्ती वीज देतो. टोक बसले, तरी तो जोडायचा नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खेळयंत्राच्या आत ५ आणि १० व्होल्ट असतात, पण काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीच्या आत हजारो व्होल्ट असतात, आणि टीव्ही बंद केल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. त्याचे कवच उघडायचेच नाही. आणि तापलेली सोल्डरिंगची कांडी पहिल्यांदा हातात घ्याल, तेव्हा शिक्षक किंवा जाणते मोठे माणूस शेजारी असू द्या.

अजून काय उरले आहे?

पिवळी खाच मिळाली म्हणजे सारे संपले, असे नाही. फॅमिकॉम दर वेळी त्याच २६२ रेषा पाठवतो. नेहमीच्या प्रक्षेपणात मात्र ५२५ रेषांचे चित्र सम आणि विषम अशा दोन हप्त्यांत येते. पुष्कळ सपाट टीव्ही फॅमिकॉमचा संदेशही हप्त्यांचाच समजून जुळवत बसतात. त्यात क्षणभराचा उशीर होतो. बटण दाबल्यावर उडी मारायला पात्र किंचित मागे पडते. शिवाय अनेक नव्या टीव्हींवरून आता पिवळी खाचही नाहीशी होत चालली आहे. ॲनालॉग प्रक्षेपण गेले तेव्हा जो प्रश्न होता, तोच आता दुसऱ्या रूपात परत आला आहे.

पण तो सोडवण्याची रीत तुम्हाला आता ठाऊक झाली आहे. संदेश कोठे जन्मतो, कोणत्या वाटेने जातो, वाटेत त्याचे काय बिघडते, आणि पुढच्या यंत्राला तो कोणत्या रूपात हवा आहे, हे चार प्रश्न कागदावर लिहा आणि त्यांची उत्तरे शोधा. तुमच्या घरी एखादा जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा टीव्ही गेम धूळ खात पडला असेल. तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी हे चार प्रश्न त्यालाही विचारून पाहा. कदाचित तोही मेलेला नसेल, नुसता मुका झाला असेल.